कॅटरपिलरची महामार्गावरून माघार

फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस कॅटरपिलर या अमेरिकी कंपनीने महामार्गावर चालणाऱ्या आपल्या ट्रकचे उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. नव्या ऑर्डर घेणे लगेच थांबले. सीटी६६०, सीटी६८० आणि सीटी६८१ अशी तीन मॉडेले तेव्हा बाजारात होती. तिन्ही एकदम बंद झाली. यांतले पहिले मॉडेल लोकांसमोर येऊन पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. बुलडोझर, एक्सकॅव्हेटर, लोडर आणि खाणीतले महाकाय डंपर बनवण्यात जगात सर्वांत मोठी असलेली ही कंपनी त्यामानाने साधा वाटणारा टिपर विकण्याच्या धंद्यात टिकू शकली नाही, याचे बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटते. मात्र या घटनेची मुळे ट्रकच्या सांगाड्यात नाहीत. ती त्याच्या इंजिनात आहेत, आणि ती शोधायला २०१६ च्या बरेच मागे जावे लागते.

कॅटरपिलरचे नाव ज्या ट्रकशी जोडलेले आहे तो खाणीतला ट्रक. कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ७६९ या मॉडेलपासून हा धंदा सुरू केला आणि १९९८ मध्ये ७९७ पर्यंत मजल मारली. या मालिकेतला आजचा ट्रक एका खेपेला सुमारे ३६० टन खनिज उचलतो. तो सार्वजनिक रस्त्यावर येऊच शकत नाही. त्याचे भाग वेगवेगळ्या ट्रेलरवरून खाणीत नेतात आणि तिथेच जोडतात. महामार्गावरच्या ट्रकला याच्या उलट असंख्य बंधने पाळावी लागतात. रुंदी किती, एका आसावर भार किती, धुरात काय आणि किती, हे सगळे कायद्याने ठरलेले असते. अमेरिकेत ३३,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे १५ टनांहून अधिक एकूण वजनाच्या ट्रकला ‘क्लास ८’ म्हणतात. त्यातही दोन जाती. एक, हजारो किलोमीटर मालवाहतूक करणारे लांब पल्ल्याचे ट्रक. दुसरी, बांधकामाच्या जागी, खडी क्रशरवर, जंगलात लाकूड वाहायला किंवा काँक्रीट मिक्सर बसवून वापरले जाणारे कामाचे ट्रक. आपल्याकडे ज्यांना डंपर किंवा हायवा म्हणतात ते या दुसऱ्या जातीचे. कॅटरपिलरने बंद केले ते हेच.

या कंपनीचा जन्म १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या होल्ट आणि बेस्ट या दोन ट्रॅक्टर कंपन्यांच्या एकत्रीकरणातून झाला. १९३१ मध्ये तिने डिझेलवर चालणारा पहिला ट्रॅक्टर विकायला काढला, आणि त्यासाठी इंजिन स्वतःच तयार केले. पुढे हीच इंजिने जहाजांत, जनरेटर संचांत आणि ट्रकमध्ये बसू लागली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने फोर्डच्या ट्रकसाठी व्ही आकाराची आठ सिलिंडरची इंजिने बनवली. त्याच घराण्यातले ३२०८ अनेक वर्षे ट्रक आणि बसमध्ये चालले. पण नाव झाले ते १९७० च्या दशकात आलेल्या ३४०६ या सहा सिलिंडरच्या इंजिनाचे. १४.६ लिटरच्या या इंजिनाची ३४०६ई ही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची आवृत्ती १९९० च्या दशकात आली. घाटात दमदार ओढ आणि एकदा खोलून दुरुस्त केले की पुन्हा तितकेच वर्षानुवर्षे चालण्याची ताकद, यासाठी ट्रकमालक ती आवर्जून मागत. पीटरबिल्ट किंवा केनवर्थ ट्रकचे बॉनेट उचलले की आत पिवळ्या रंगाचे इंजिन दिसावे, ही अमेरिकेतल्या मालक-चालकांची अभिमानाची गोष्ट होती.

बॉनेटवर नाव एकाचे आणि आत इंजिन दुसऱ्याचे, हा प्रकार अमेरिकी ट्रक-बाजाराच्या रीतीमुळे शक्य होता. युरोपात ट्रक बनवणारी कंपनी बहुतेक वेळा इंजिन, गिअरबॉक्स आणि आस सगळे स्वतःचेच देते. अमेरिकेत गिऱ्हाईक केबिन एकाची, इंजिन दुसऱ्याचे, गिअरबॉक्स तिसऱ्याचा असा ट्रक मागवून घेत असे, आणि ट्रक कंपनी तो तसा जोडून देत असे. या रीतीमुळे स्वतःचा एकही ट्रक न बनवता फक्त इंजिने विकून मोठा व्यवसाय उभा करता येत होता. कॅटरपिलर, कमिन्स आणि डेट्रॉइट डिझेल या तीन कंपन्यांनी तो केला. यातली कमिन्स महाराष्ट्राला अनोळखी नाही. १९६२ पासून किर्लोस्करांच्या भागीदारीत आणि नंतर स्वतंत्रपणे ती पुण्यात इंजिने बनवत आली आहे. या प्रकरणात पुढे तिचा संबंध पुन्हा येईल, कारण जिथे कॅटरपिलर मागे फिरली तिथेच कमिन्स टिकून राहिली.

या व्यवसायावर पहिला मोठा आघात १९९८ मध्ये झाला. डिझेल इंजिनातली मूळ अडचण अशी, की इंधन जास्त तापमानाला जळले तर ते पूर्ण जळते, मायलेज वाढते, काजळी घटते. पण त्याच तापमानाला हवेतला नायट्रोजन प्राणवायूशी जोडला जाऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, आणि ते फुप्फुसांना घातक असतात. तापमान उतरवले तर हे वायू कमी होतात, मात्र काजळी वाढते आणि इंधन जास्त लागते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर इंजिन कोणत्या वेळी कोणत्या बाजूला झुकवायचे हे आज्ञावलीतून ठरवता येऊ लागले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा आरोप असा होता की इंजिन उत्पादकांनी या सोयीचा गैरवापर केला: प्रयोगशाळेतल्या चाचणीत इंजिन मर्यादेत राहायचे, आणि महामार्गावर एकसारख्या वेगाने धावू लागले की इंधन वाचवण्यासाठी मर्यादा ओलांडायचे. कॅटरपिलरसह सात कंपन्यांनी सरकारशी तडजोड केली. एकूण दंड ८ कोटी ३४ लाख डॉलर होता आणि त्यातले अडीच कोटी कॅटरपिलरच्या वाट्याला आले. दंडाहून जड होती ती अट. २००४ मध्ये लागू व्हायची नवी प्रदूषणमर्यादा या कंपन्यांना ऑक्टोबर २००२ पासूनच पाळायची होती.

बहुतेक प्रतिस्पर्ध्यांनी यासाठी एक्झॉस्टमधला काही वायू थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडण्याची पद्धत स्वीकारली. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ईजीआर. असा वायू मिसळला की ज्वलनाचे तापमान उतरते. कॅटरपिलरच्या अभियंत्यांना तो मार्गच पसंत नव्हता. काजळीने भरलेला वायू परत इंजिनात घालणे म्हणजे इंजिनाचे आयुष्य कमी करणे, असे त्यांचे मत होते. त्यांनी ‘असर्ट’ नावाची स्वतःची पद्धत विकसित केली: एकापुढे एक दोन टर्बो, व्हॉल्व्ह उघडझाप करण्याच्या वेळेवर बारीक नियंत्रण आणि एक्झॉस्टमध्ये उत्प्रेरक. कल्पना चांगली होती, पण ती वेळेत तयार झाली नाही. ऑक्टोबर २००२ नंतर काही काळ कंपनीला मर्यादेत न बसणारी इंजिने विकून प्रत्येक इंजिनामागे दंड भरावा लागला. असर्टची इंजिने २००३ मध्ये आली. सी१५ सारखी ही इंजिने ताकदवान होती, पण यंत्रणा गुंतागुंतीची, दुरुस्ती महाग, आणि मायलेजबद्दल मालकांच्या तक्रारी. २००७ च्या मर्यादेसाठी काजळी पकडणारा फिल्टर सगळ्यांनाच बसवावा लागला, आणि कॅटरपिलरनेही अखेर फिल्टरमधून गाळून आलेला वायू परत इंजिनात घेण्याचा मार्ग धरला.

खरी परीक्षा २०१० ची होती. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा एका अश्वशक्ती-तासामागे ०.२० ग्रॅमवर येणार होती. १९९८ मध्ये ती ४ ग्रॅम होती, म्हणजे बारा वर्षांत वीस पटींनी घट. त्यासाठी लागणारे संशोधन प्रचंड खर्चाचे होते, आणि तो खर्च किती इंजिनांवर विभागला जाणार हा कळीचा प्रश्न होता. नेमक्या याच काळात बाजाराची जुनी रीत मोडत होती. डाइमलरने २००० मध्ये डेट्रॉइट डिझेल विकत घेतली होती आणि फ्रेटलायनरच्या ट्रकमध्ये तिचेच नवे इंजिन बसवण्यावर भर देत होती. व्होल्वो आणि मॅक एका छत्राखाली येऊन स्वतःची इंजिने वापरत होत्या. केनवर्थ आणि पीटरबिल्ट यांची मालक असलेली पॅकार युरोपातल्या आपल्याच डाफ कंपनीचे इंजिन अमेरिकेत आणून मिसिसिपी राज्यात त्याचा कारखाना उभारत होती. ज्यांच्या ट्रकमध्ये कॅटरपिलरची इंजिने बसत होती तेच गिऱ्हाईक आता प्रतिस्पर्धी होऊ लागले होते.

जून २००८ मध्ये कॅटरपिलरने जाहीर केले की २०१० च्या मर्यादेत बसणारी महामार्ग-ट्रकची इंजिने ती बनवणार नाही. या निर्णयाला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. कंपनीचे मुख्य उत्पन्न यंत्रांचे. आणि बांधकामाच्या व खाणीच्या यंत्रांसाठीचे कडक प्रदूषण-नियम २०११ ते २०१५ या काळात टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे होते. शेकडो प्रकारच्या यंत्रांची इंजिने त्यासाठी नव्याने घडवायची होती. त्याच अभियंत्यांना एकाच वेळी दोन आघाड्यांवर लावणे तिला परवडणारे नव्हते. कमिन्सचे गणित वेगळे होते. दुसऱ्यांना इंजिने विकणे हीच तिची उपजीविका असल्याने तिला ही आघाडी सोडता येतच नव्हती. तिने ऑगस्ट २००८ मध्ये आपला आधीचा बेत बदलून मोठ्या इंजिनांसाठी युरियावर आधारित तंत्र स्वीकारले, आणि इतर कंपन्यांच्या ट्रकमध्ये आपली जागा राखली. एकाच प्रसंगात दोन कंपन्यांनी दोन उलट निर्णय घेतले आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर होते. कॅटरपिलरचे चुकले ते पुढच्या पावलात.

इंजिने बंद झाली तरी कॅटरपिलरच्या डीलरांचा प्रश्न उरतच होता. हे डीलर कंपनीचे नोकर नाहीत; ते स्वतंत्र व्यावसायिक आहेत, अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाच्या हाती धंदा आहे. कंपनीची खरी ताकद हेच जाळे मानले जाते: यंत्र बंद पडले तर सुटा भाग शक्य तितक्या लवकर हजर करणे, ही त्यांची ओळख. ट्रकच्या इंजिनांसाठी या डीलरांनी उंच दरवाजांची वेगळी वर्कशॉपे बांधली होती, मेकॅनिक तयार केले होते. नवी इंजिने येणे थांबले की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते काम ओसरत जाणार होते. शिवाय डीलरकडे येणारा ठेकेदार एक्सकॅव्हेटर घ्यायचा, लोडर घ्यायचा, आणि खडी वाहायचा टिपर मात्र शेजारच्या दुसऱ्या दुकानातून आणायचा. तोही इथेच मिळाला तर तिन्हीसाठी कर्ज, विमा आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी होईल, असा विचार मांडला गेला. कागदावर तो निर्दोष होता.

ट्रक बनवण्यासाठी कंपनीने नॅविस्टार या इलिनॉय राज्यातल्या कंपनीशी हातमिळवणी केली. ‘इंटरनॅशनल’ नावाने ट्रक विकणारी ही जुनी कंपनी कॅटरपिलरला परकी नव्हती; तेलाच्या दाबावर चालणारी इंजेक्टर यंत्रणा दोघींनी १९९० च्या दशकात मिळून विकसित केली होती. २००८ मध्ये सहकार्याची घोषणा झाली. अमेरिकेबाहेरच्या बाजारांसाठी २००९ मध्ये ‘एनसी२’ नावाची संयुक्त कंपनी निघाली आणि ऑस्ट्रेलियात कॅटरपिलरच्या नावाचे ट्रक विकले जाऊ लागले. २०११ मध्ये मात्र कॅटरपिलरने त्या कंपनीतला आपला हिस्सा नॅविस्टारला देऊन टाकला. याच वर्षांत नॅविस्टार भारतातही होती. महिंद्रबरोबरच्या भागीदारीत तिचे ट्रक पुण्याजवळ चाकणला बनत होते आणि त्यांत नॅविस्टारच्याच ‘मॅक्सफोर्स’ घराण्यातले ७.२ लिटरचे इंजिन होते. नॅविस्टारची आर्थिक ओढाताण सुरू झाल्यावर २०१२ च्या अखेरीस महिंद्रने तिचा हिस्सा विकत घ्यायचे ठरवले, आणि तो व्यवसाय महिंद्र ट्रक अँड बस म्हणून पुढे चालू राहिला.

सीटी६६० हा ट्रक मार्च २०११ मध्ये लास वेगासच्या कॉनएक्स्पो प्रदर्शनात दाखवला गेला. त्याचा सांगाडा आणि केबिनचा मूळ ढाचा इंटरनॅशनलच्या पेस्टारचा होता, पण कॅटरपिलरने त्यावर मन लावून काम केले होते. दर्शनी भाग, बॉनेट आणि केबिनची आतली मांडणी वेगळी, आवाज कमी, आणि समोरचा बंपर तीन तुकड्यांचा. बांधकामाच्या जागेवर बंपर हमखास ठोकला जातो, तेव्हा फक्त मोडलेला तुकडा बदलता यावा हा त्यामागचा हेतू. गिअरबॉक्स सीएक्स३१ हा कॅटरपिलरचा स्वतःचा, सहा गतींचा स्वयंचलित; चिखलात चालणाऱ्या तिच्या यंत्रांमधल्या अनुभवावर बेतलेला. पुढे बॉनेटची ठेवण आणि पुढच्या आसाची जागा बदलून सीटी६८१ आणि सीटी६८० ही मॉडेले आली. ट्रक विकायचे फक्त कॅटरपिलरचे डीलर. बनायचे मात्र नॅविस्टारच्या कारखान्यात. आधी टेक्सासमधल्या गार्लंडला आणि तो कारखाना २०१३ मध्ये बंद झाल्यावर मेक्सिकोतल्या एस्कोबेडोला.

इंजिनांची नावे सीटी११ आणि सीटी१३ अशी होती. ती वाचून कोणालाही ती कॅटरपिलरची वाटावीत. प्रत्यक्षात ती नॅविस्टारची मॅक्सफोर्स ११ आणि मॅक्सफोर्स १३ होती, १०.५ आणि १२.४ लिटरची, आणि त्यांचा मूळ आराखडा जर्मनीतल्या मान कंपनीचा. इथे सगळ्या बेताचा पाया ठिसूळ होता. ज्या गुणासाठी लोक कॅटरपिलरच्या नावावर विश्वास ठेवत तो गुण इंजिनाचा होता, आणि या ट्रकमध्ये नेमके तेच दुसऱ्याचे होते. जुन्या गिऱ्हाइकाने बॉनेट उचलले तर त्याला आपल्या ओळखीचे काहीच दिसत नव्हते.

दुसऱ्याचे इंजिन उत्तम निघाले असते तरी काम निभावले असते. पण नॅविस्टारने त्याच वेळी एक मोठी जोखीम पत्करली होती. ०.२० ग्रॅमची मर्यादा गाठण्यासाठी बाकी साऱ्या कंपन्यांनी एससीआर हे तंत्र निवडले. त्यात इंजिन गरम आणि काटकसरीने चालू द्यायचे, आणि तयार होणारे नायट्रोजन ऑक्साइड एक्झॉस्टमध्ये युरियाचे द्रावण फवारून नष्ट करायचे. भारतात ट्रकचालक डिझेलबरोबर डीईएफची जी कॅन भरून घेतात ते हेच द्रावण. नॅविस्टारचे प्रमुख डॅनियल उस्टियन यांचे म्हणणे असे की गिऱ्हाइकाला दुसरी टाकी भरत बसण्याचा त्रास नको. आपण केवळ ईजीआर आणखी तीव्र करून मर्यादा गाठू. मर्यादा गाठली गेली नाही. आधीच्या वर्षांत साठवलेल्या प्रदूषण-सवलतींच्या आधारावर कंपनी ०.५ ग्रॅमची इंजिने विकत राहिली. सवलती संपत आल्या तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने तिला एका इंजिनामागे जास्तीत जास्त १,९१९ डॉलर दंड भरून विक्री चालू ठेवायची मुभा दिली. युरियाच्या तंत्रावर आधीच पैसा ओतलेल्या प्रतिस्पर्ध्यांना हा अन्याय वाटला. ते कोर्टात गेले, आणि जून २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो हंगामी नियमच रद्द केला.

जुलै २०१२ मध्ये नॅविस्टारने आपला मार्ग सोडून एससीआर स्वीकारत असल्याचे जाहीर केले. त्यासाठीची यंत्रणा कमिन्सकडून घ्यायचे ठरले. ऑगस्टमध्ये उस्टियन पायउतार झाले. तोपर्यंत विकल्या गेलेल्या ईजीआर इंजिनांच्या बिघाडांनी मालकांना हैराण केले होते: काजळीने भरलेले कूलर, वारंवार थांबणारे ट्रक, आणि त्यामागून आलेली कोर्टकचेरी. इंजिनांच्या प्रदूषण-प्रमाणपत्राच्या बाबतीत गुंतवणूकदारांना चुकीचे चित्र दाखवल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे आयोगाने नंतर कारवाई केली आणि मार्च २०१६ मध्ये नॅविस्टारने ७५ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.

याचा फटका सीटी६६० ला बसणे अटळ होते. त्यातले इंजिन कोणाचे, हे ट्रक घेणाऱ्या ठेकेदारांना चांगले ठाऊक होते. टिपरचा धंदा खेपांवर चालतो. काँक्रीट मिक्सर रस्त्यात बंद पडला तर ड्रममधला माल घट्ट होतो. ट्रक गेला, खेप गेली, आणि पुढचा ठेकाही धोक्यात येतो. अशा गिऱ्हाइकाला आधी खात्री लागते. मॅकचा ग्रॅनाइट, केनवर्थचा टी८००, पीटरबिल्टची कामाची मॉडेले यांच्यामागे अनेक दशकांचा लौकिक होता. त्यांच्या जुन्या ट्रकला किती किंमत येते हे सगळ्यांना माहीत होते, तर सीटी६६० ला सेकंड हँड बाजारात किती भाव येईल हे कोणी सांगू शकत नव्हते. ट्रक घेणारा मालक विकतानाचा भाव धरूनच हिशेब मांडतो, म्हणून नव्या नावाला हा अडसर फार मोठा असतो. नंतर आलेल्या एससीआर आवृत्तीने परिस्थिती सुधारली, पण पहिल्या दोन वर्षांतली पत परत मिळवणे कठीण होते.

जुलै २०१५ मध्ये कॅटरपिलरने वेगळे वळण घेतले. नॅविस्टारकडून ट्रक बनवून घेणे थांबवून ते स्वतः घडवायचे आणि टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावच्या कारखान्यात बनवायचे, असे तिने जाहीर केले. एक्सकॅव्हेटर बनवणारा हा कारखाना २०१२ मध्ये सुरू झाला होता. नवे उत्पादन २०१६ च्या पूर्वार्धात सुरू व्हायचे होते. दुसऱ्याच्या ट्रकवर आपले नाव लावण्यातली अडचण कंपनीला कळली होती, हे या निर्णयातून स्पष्ट दिसते. हेच पाऊल २००८ मध्ये, स्वतःचे इंजिन हातात असताना उचलले असते तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. २०१५ मध्ये मात्र महामार्गाच्या नियमांत बसणारे तिचे स्वतःचे इंजिन उरले नव्हते, आणि त्याहून वाईट म्हणजे पैसाही आटत चालला होता.

कॅटरपिलरचा धंदा खनिजांच्या भावाबरोबर वर-खाली होतो. चीनची भूक जोरात असताना, २०११ मध्ये, तिने बुसायरस ही खाणयंत्रांची कंपनी सुमारे ८८० कोटी डॉलरना विकत घेतली. २०१२ मध्ये तिची विक्री ६,५९० कोटी डॉलर, तोवरचा उच्चांक. त्यानंतर कोळसा, लोखंड, तांबे, तेल सगळ्यांचे भाव घसरले. खाणींनी नवी यंत्रे घेणे बंद केले. २०१५ मध्ये विक्री ४,७०० कोटींवर उतरली आणि २०१६ मध्ये ३,८५० कोटींवर, म्हणजे चार वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त घट. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने २०१८ अखेरपर्यंत १०,००० पर्यंत नोकऱ्या कमी होऊ शकतील असे सांगितले आणि कारखाने बंद करायला सुरुवात केली. हे जाहीर झाले ते नव्या ट्रकच्या घोषणेनंतर अवघ्या दोन महिन्यांनी.

अशा वेळी एखाद्या नव्या उत्पादनाची पारख कठोर होते. ट्रकच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण कमी असते आणि विक्री हजारोंनी झाली तरच खर्च निघतो. बांधकामाच्या ट्रकमध्ये तर प्रत्येक ऑर्डर वेगळी: आस किती, व्हीलबेस किती, वरची बॉडी कोणाची. एवढे प्रकार सांभाळायला मोठा अभियांत्रिकी विभाग लागतो आणि त्याचा खर्च विकलेल्या ट्रकवरच पडतो. केनवर्थ किंवा मॅक यांचे लांब पल्ल्याचे ट्रकही त्याच सुट्या भागांवर चालत असल्याने त्यांना हा खर्च वाटून टाकता येतो. कॅटरपिलरकडे लांब पल्ल्याचा ट्रक नव्हताच. फेब्रुवारी २०१६ च्या निवेदनात कंपनीने ट्रक उद्योगातली मंदी आणि बाजारातली तीव्र स्पर्धा ही कारणे दिली, आणि ती खरी होती. पण मंदी सगळ्यांनाच होती. इतर कंपन्या ती सोसून गेल्या कारण ट्रक हाच त्यांचा धंदा होता. कॅटरपिलरच्या ताळेबंदात तो कडेचा होता, आणि कडेच्या गोष्टी आधी छाटल्या जातात. त्याच फेब्रुवारी महिन्यात नॅविस्टारने पेस्टारची जागा घेणारी ‘एचएक्स’ ही बांधकाम-ट्रकची नवी मालिका बाजारात आणली. कालपर्यंत भागीदार असलेली कंपनी आता त्याच गिऱ्हाइकासाठी समोर उभी होती.

विकल्या गेलेल्या ट्रकच्या मालकांना वाऱ्यावर सोडले जाणार नाही, सुटे भाग आणि दुरुस्ती डीलरांकडे मिळत राहील, असे कंपनीने जाहीर केले. डीलरांच्या वर्कशॉपांना खरे काम मात्र जुन्या पिवळ्या इंजिनांनी दिले. २०१० नंतर अमेरिकेत ‘ग्लायडर’ ट्रकची लाट आली. नवी केबिन आणि नवा सांगाडा, पण आत दुरुस्त केलेले जुने इंजिन, असा हा ट्रक. इंजिन जुने असल्याने त्याला जुनीच प्रदूषणमर्यादा लागू होई. फिल्टर आणि युरियाच्या कटकटीला कंटाळलेल्या मालकांनी यासाठी डेट्रॉइटच्या सीरिज ६० बरोबर कॅटरपिलरची जुनी इंजिने शोधून काढली. हवेच्या दृष्टीने ही पळवाट घातकच होती आणि २०१६ च्या नियमांनी तिला बराच आळा घातला. पण कंपनीच्या स्वतःच्या नावाच्या ट्रकपेक्षा तिच्या जुन्या इंजिनांना जास्त मागणी राहिली, ही गोष्ट या सगळ्या प्रकरणाबद्दल बरेच काही सांगते.

नॅविस्टारमध्ये हिस्सा घ्यायचे फोक्सवॅगनने २०१६ मध्येच ठरवले आणि १ जुलै २०२१ रोजी ती फोक्सवॅगनच्याच ट्रॅटन समूहात पूर्णपणे सामील झाली. तिच्या ट्रकमध्ये आता स्कॅनियाच्या आराखड्यावर बेतलेले १३ लिटरचे इंजिन आहे आणि त्यात युरियाचेच तंत्र आहे. कॅटरपिलरचे खाणीतले ट्रक पूर्वीसारखेच बनतात, काही भारतातही: तमिळनाडूतल्या तिरुवल्लूरचा कारखाना तिने २००० मध्ये हिंदुस्तान मोटर्सकडून घेतला. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला २०१५ मध्ये तिच्या पर्किन्स या कंपनीचा इंजिन कारखाना सुरू झाला. इंजिनांवरचे संशोधनही थांबलेले नाही. २०२३ च्या कॉनएक्स्पोत तिने सी१३डी हे १३ लिटरचे संपूर्ण नवे इंजिन मांडले. ते क्रशर, पंप आणि शेतीची यंत्रे यांसारख्या कामांसाठी आहे. महामार्गावरचा ट्रक त्याच्या यादीत नाही.